रक्तातील खूण आणि देहातील बळ : एका परिभाषेची चिकित्सा

१

वार्धक्यात माणसाच्या अंगावरील मांस झडते आणि अंगातील बळही ओसरते, हे सांगण्यासाठी शास्त्राची आवश्यकता नाही. परंतु मांस किती झडले, बळ किती ओसरले, आणि या दोन्ही गोष्टी रक्ताच्या लहानशा नमुन्यावरून ओळखता येतील काय, हा प्रश्न मात्र शास्त्राचा आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रश्नावर विपुल लेखन झाले आहे. क्रिएटिनिन, सिस्टॅटिन-सी, मायोस्टॅटिन, इंटरल्यूकिन-६, अ‍ॅग्रिन या प्रथिनाचा तुकडा अशा अनेक द्रव्यांची नावे वृद्धांच्या स्नायूंचे ‘बायोमार्कर’ म्हणून त्या लेखनात पुढे आली आहेत. प्रस्तुत लेखात या लेखनाची, विशेषतः त्यातील परिभाषेची, चिकित्सा करावयाची आहे.

प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाविज्ञान आहे, वैद्यक नव्हे. प्रयोगशाळेतील मोजमापे कशी घ्यावीत हे सांगण्याचा अधिकार त्यास नाही. परंतु एखादे चिन्ह कशाचे चिन्ह आहे, ते कोणत्या संदर्भात अर्थ देते व कोणत्या संदर्भात अर्थ बदलते, आणि एकच संज्ञा दोन भिन्न वस्तूंना लावली असता विचारात कोणता घोटाळा होतो, हे प्रश्न भाषाविज्ञानाच्या कक्षेत निश्चितपणे येतात. ‘मार्कर’ म्हणजे खूण. खुणेचे शास्त्र हाच आपला विषय असल्याने या चर्चेत काही बोलण्यास हरकत नसावी.

आमचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : वृद्धांच्या स्नायूंची रक्तातील खूण शोधण्याच्या प्रयत्नांत जो विस्कळितपणा दिसतो, त्याचे एक प्रमुख कारण रक्तात नसून संज्ञेत आहे. ज्या वस्तूची खूण शोधावयाची ती वस्तू मांस की बळ, हे निश्चित न करताच खुणा गोळा केल्या गेल्या. यामुळे झालेली हानी केवळ शाब्दिक नाही. ती वृद्ध रुग्णाच्या औषधाच्या मात्रेपर्यंत पोहोचते, हे पुढे दिसेल.

२

प्रथम संज्ञेचा इतिहास पाहू. १९८८ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्क येथे वृद्धांच्या आरोग्याविषयी व पोषणाविषयी एक परिषद भरली होती. तिच्या समारोपात अर्विन रोझेनबर्ग यांनी असे प्रतिपादन केले, की वाढत्या वयाबरोबर होणाऱ्या मांसाच्या ऱ्हासाइतकी लक्षणीय घटना दुसरी नाही. परंतु तिला नाव नसल्यामुळे तिच्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष जात नाही. त्यांनी दोन ग्रीक नावे सुचविली : ‘सार्कोमलेशिया’ आणि ‘सार्कोपेनिया’. १९८९ साली हे टिपण प्रसिद्ध झाले आणि दुसरे नाव रूढ झाले. ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य. अर्थात मांसाचे दारिद्र्य. एखादी घटना सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही नावाअभावी शास्त्राला अदृश्य राहते, ही रोझेनबर्ग यांची जाणीव भाषेच्या अभ्यासकास मोलाची वाटेल.

नाव मांसाचे होते, म्हणून प्रारंभी व्याख्याही मांसाचीच झाली. १९९८ साली रिचर्ड बाउमगार्टनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हातापायांतील मांसाला उंचीच्या वर्गाने भागले आणि तरुणांच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण-विचलनांनी खाली असलेल्यांस सार्कोपेनिया आहे असे ठरविले. २०१० साली युरोपीय तज्ज्ञमंडळाने या व्याख्येत बळ व हालचालीची क्षमता यांचा समावेश केला; तथापि मांसाची उणीव ही अट प्रथम स्थानी राहिली. याच मंडळाने २०१८ साली पुनर्विचार करून २०१९ च्या आरंभी जी सुधारित व्याख्या छापली, तिने हा क्रम उलटा केला. आता बळाची उणीव हे प्रधान लक्षण झाले, आणि मांसाची उणीव ही निदानाची केवळ पुष्टी करणारी बाब ठरली. २०२० साली एका अमेरिकी तज्ज्ञगटाने याहून पुढे जाऊन असे मत दिले, की क्ष-किरणांच्या डेक्सा यंत्राने मोजलेले मेदरहित वजन सार्कोपेनियाच्या व्याख्येत असूच नये. पुन्हा २०२४ साली जागतिक स्तरावरील एका मंडळाने मांस, बळ व मांसाच्या प्रमाणातील बळ या तिहींना व्याख्येत स्थान दिले.

शब्दाचा अर्थ बदलतो, यात भाषाविज्ञानाच्या दृष्टीने काहीच वावगे नाही. व्युत्पत्ती ही अर्थाची धनीण नव्हे. ‘सार्कोपेनिया’त मांस आहे म्हणून तो शब्द सदैव मांसालाच बांधलेला राहावा, असा आग्रह आम्ही धरणार नाही. दोष अर्थांतरात नाही. दोष असा, की येथे जुना अर्थ गेला नाही व नवाही पुरता आला नाही. दोन्ही अर्थ एकाच काळात, एकाच नियतकालिकात, कित्येकदा एकाच निबंधात शेजारी शेजारी नांदतात. अशा स्थितीत ‘अमुक द्रव्य सार्कोपेनियाची खूण आहे’ या वाक्याचा अर्थ, लेखकाने कोणती व्याख्या घेतली हे पाहिल्याशिवाय लागत नाही.

याचे उदाहरण घेऊ. हाताच्या पकडीचे बळ डायनॅमोमीटर या दाबयंत्राने किलोग्रॅममध्ये मोजतात. पुरुषांसाठी दुर्बलतेची मर्यादा २०१० च्या युरोपीय व्याख्येत ३० किलोखाली, २०१४ च्या आशियाई व्याख्येत २६ किलोखाली, २०१९ च्या युरोपीय व्याख्येत २७ किलोखाली, आणि २०१९ च्या आशियाई व्याख्येत २८ किलोखाली आहे. आता एखाद्या वृद्ध गृहस्थाची पकड साडेसत्तावीस किलो भरली असे समजू. पहिल्या व्याख्येप्रमाणे तो दुर्बल, दुसरीप्रमाणे नाही, तिसरीप्रमाणे नाही, आणि चौथीप्रमाणे पुन्हा दुर्बल. त्याचा हात तोच आहे व रक्तही तेच आहे. परंतु त्याच्या रक्तातील एकच आकडा दोन अभ्यासांत ‘रोग्याचा’ व दोन अभ्यासांत ‘निरोग्याचा’ म्हणून जमा होईल. असे अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षांत एकवाक्यता आली नाही, तर त्याचे नवल वाटू नये.

३

यावर कोणी म्हणेल, की मांस व बळ या गोष्टी निराळ्या असल्या तरी एकमेकींच्या सोबतच चालतात. तेव्हा एकीची खूण दुसरीचीही मानण्यात मोठी चूक होणार नाही. वस्तुस्थिती या मताला अनुकूल नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग व मेम्फिस या नगरांत ७० ते ७९ वर्षे वयाच्या ३०७५ व्यक्तींचे दीर्घकाळ निरीक्षण करण्यात आले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाच्या एका निबंधात असे दिसून आले, की तीन वर्षांच्या काळात पायांतील मांस वर्षाला सुमारे १ टक्का घटले, परंतु बळ त्याच्या सुमारे तिप्पट वेगाने घटले. ज्यांचे मांस टिकले अथवा वाढले, त्यांचेही बळ घटण्याचे थांबले नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात मृत्यूचा संबंध बळाशी आढळला. मांसाच्या प्रमाणाने त्या संबंधाचा उलगडा झाला नाही. २००८ साली ब्रायन क्लार्क व टॉड मनिनी यांनी वयाबरोबर होणाऱ्या बलहानीस ‘डायनापेनिया’ असे स्वतंत्र नाव दिले, ते या पार्श्वभूमीवर.

उलट दिशेचा पुरावाही उपलब्ध आहे. मांसाची वाढ रोखणारे संकेत अडवणाऱ्या बिमाग्रुमॅब या औषधाची सार्कोपेनिया असलेल्या वृद्धांवर चाचणी झाली; तिचा निष्कर्ष २०२० साली छापला गेला. चोवीस आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे मेदरहित वजन सुमारे ७ टक्के वाढले, तर न घेणाऱ्यांचे सुमारे १ टक्का. दोन्ही गटांना आहार व व्यायाम यांची सारखी मदत होती. परंतु चालणे, खुर्चीतून उठणे व तोल सांभाळणे या कसोटीत दोन गटांमध्ये फरक पडला नाही. मांस आले, त्याच्याबरोबर हालचालीतला जोर आला नाही.

याचे कारणही समजण्यासारखे आहे. बळ केवळ मांसात नसते. मेंदूची आज्ञा, मज्जातंतूंची वहनक्षमता, मज्जा व स्नायू यांच्या सांध्याची शाबुती, स्नायूत शिरलेला मेद, सांध्यांची वेदना आणि माणसाची इच्छा या सर्वांची बळात गणती होते. आपल्या बोलीला हा भेद चांगला ठाऊक आहे. ‘अंगावर मांस चढले’ आणि ‘अंगात जोर आला’ ही वाक्ये मराठी माणूस एकमेकांच्या जागी वापरीत नाही. किडकिडीत पण चिवट असा शेतकरी आणि दिसायला भरलेला पण जिना चढताना धापा टाकणारा गृहस्थ, हे दोघेही आपल्या परिचयाचे असतात.

४

मराठी परिभाषेचा विचार येथेच करणे इष्ट ठरेल. कारण या विषयावर मराठीत लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास पहिली अडचण मूळ वस्तूच्या नावातच येते. मराठीत ‘स्नायू’ म्हणजे ज्याच्या आकुंचनाने अवयव हलतो तो मांसल भाग. परंतु सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत. तेथे मांसल भागाला ‘पेशी’ म्हटले आहे, आणि ‘स्नायू’ म्हणजे हाडे व सांधे बांधून ठेवणारे दोर. हिंदीने ‘मांसपेशी’ हा शब्द ठेवून जुन्या अर्थाशी नाते राखले. बंगालीत ‘पेशी’ मांसल भागालाच म्हणतात, आणि ‘स्नायू’ तेथे मज्जातंतूचा वाचक झाला. मराठीने मात्र ‘पेशी’ हा शब्द सजीवाच्या सूक्ष्म घटकासाठी योजला, ज्याला हिंदी ‘कोशिका’ म्हणते. अशा रीतीने एकाच संस्कृत शब्दयुगुलाने तीन भाषांत तीन घरे केली. मराठी ग्रंथात ‘पेशींचा ऱ्हास’ आणि हिंदी पुस्तिकेत ‘पेशियों का ह्रास’ हे दिसायला एकच, परंतु अर्थाने भिन्न आहेत.

‘मांसक्षय’ हा शब्द आपल्याकडे जुनाच आहे. आयुर्वेदात त्याची लक्षणे म्हणून कुल्ले, मान व उदर यांचे सुकणे सांगितले आहे. म्हणजे ही डोळ्यांनी पाहावयाची, आकाराची लक्षणे आहेत. यावरून आपल्या पूर्वजांना सार्कोपेनिया माहीत होता, असा दावा करणे अनाठायी ठरेल. परंतु मांसाच्या उणिवेचा वाचक म्हणून ‘मांसक्षय’ आणि बळाच्या उणिवेचा वाचक म्हणून ‘बलक्षय’ ही जोडी वापरल्यास इंग्रजी लेखनातील संदिग्धता मराठीत येणार नाही. ‘सार्कोपेनिया’ हे नाव तसेच ठेवावे. मात्र प्रत्येक वेळी कोणत्या वर्षाची व कोणत्या मंडळाची व्याख्या अभिप्रेत आहे, ते सांगावे. ‘स्नायूंची दुर्बलता’ असा सर्वसंग्राहक शब्दप्रयोग टाळावा, कारण तो वरील दोन्ही अर्थ पोटात घेऊन गप्प बसतो.

५

आता रक्तातील खुणांकडे वळू. यांपैकी क्रिएटिनिनचा इतिहास सर्वांत उद्बोधक आहे. १८३२ साली शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने मांसाच्या रसातून एक द्रव्य वेगळे केले आणि ‘क्रेआस’ म्हणजे मांस या ग्रीक शब्दावरून त्यास ‘क्रिएटिन’ असे नाव दिले. शरीरातील बहुतेक सर्व क्रिएटिन, सुमारे ९५ टक्के, स्नायूंत असते. त्याचा एक लहान अंश, रोज सुमारे दोन टक्के, आपोआप क्रिएटिनिनमध्ये रूपांतरित होतो. ते रक्तात येते आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. म्हणजे रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा दोन गोष्टींवर अवलंबून असतो : किती तयार होते, आणि किती बाहेर जाते. पहिली गोष्ट मांसाची, दुसरी मूत्रपिंडाची.

१८८६ साली याफे यांनी पिक्रिक आम्लाने येणाऱ्या रंगावरून क्रिएटिनिन ओळखण्याची रीत दाखविली. विसाव्या शतकाच्या आरंभी, मूत्रातील क्रिएटिनिन हे मांसाच्या प्रमाणाचे द्योतक आहे, हा विचार मांडला गेला. परंतु पुढे, विशेषतः १९२६ साली रेबर्ग या डॅनिश शास्त्रज्ञाने मूत्रपिंडाची गाळणक्षमता मोजण्यासाठी त्याचा उपयोग केल्यानंतर, हे द्रव्य वैद्यकात मूत्रपिंडाचे चिन्ह म्हणूनच वाचले जाऊ लागले. नावात मांस राहिले. वाचनातून ते गेले. मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली ज्यास अनेकार्थता म्हटले, तिचे इतके शुद्ध उदाहरण भाषेबाहेर क्वचितच सापडेल.

अनेकार्थी शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो. येथेही वैद्यकाने संदर्भाची सोय केली. मात्र ती स्पष्ट नव्हती. १९७६ साली कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी दिलेले प्रसिद्ध सूत्र असे : १४० मधून वय वजा करावे, त्यास किलोग्रॅममधील वजनाने गुणावे, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागावे, स्त्री असल्यास उत्तराचे ८५ टक्के घ्यावेत. दोन पुरुषांच्या रक्तात क्रिएटिनिन सारखेच, दर डेसिलिटरला १ मिलिग्रॅम आहे असे धरा. एक ३० वर्षांचा व ७२ किलो वजनाचा, दुसरा ८० वर्षांचा व ४८ किलो वजनाचा. पहिल्याची गाळणक्षमता मिनिटाला ११० मिलिलिटर येते, दुसऱ्याची ४०. अहवालात दोघांचेही क्रिएटिनिन ‘प्रकृत मर्यादेत’ असे छापून येईल. वृद्धाच्या अंगात मांस थोडे, म्हणून क्रिएटिनिन थोडे तयार होते. मूत्रपिंड अशक्त, म्हणून तेही पुरते बाहेर जात नाही. दोन उणिवांनी मिळून एक निरोगी दिसणारा आकडा तयार झाला. तो आकडा पाहून मूत्रपिंडावाटे उत्सर्जित होणारे एखादे औषध तरुणाच्या मात्रेत दिले गेले, तर ते वृद्धाच्या शरीरात साचत जाईल.

सूत्रातील ‘वय’ येथे वयासाठी आलेले नाही, मांसासाठी आले आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. वय, वजन व लिंग ही न मोजलेल्या मांसाची प्रतिनिधी आहेत. प्रतिनिधी निवडताना शास्त्र समाजातील समजुतींपासून मुक्त राहतेच असे नाही. १९९९ व २००९ सालच्या अमेरिकी सूत्रांत कृष्णवर्णीयांची गाळणक्षमता १६ ते २१ टक्क्यांनी वाढवून धरली जात असे. त्याच्या समर्थनार्थ, त्यांच्या अंगात मांस अधिक असते अशी समजूत पुढे केली जाई. २०२१ सालच्या सूत्रातून वंशाचा हा गुणक काढून टाकण्यात आला. मांस मोजावयाचे सोडून त्याच्या जागी वंशाचे नाव घातल्याने काय होते, याचा हा धडा आहे.

६

मग क्रिएटिनिनमधून मांसाचा अर्थ वेगळा काढता येईल काय? येथे सिस्टॅटिन-सी हे प्रथिन उपयोगी पडते. केंद्रक असलेल्या सर्व पेशी ते तयार करतात. मूत्रपिंड तेही गाळतात. परंतु मांसाच्या प्रमाणावर ते फारसे अवलंबून नसते. २०१७ साली कियानूश काशानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी असे सुचविले, की क्रिएटिनिनला सिस्टॅटिन-सीने भागून शंभराने गुणावे. मूत्रपिंडाचा परिणाम अंशावर व छेदावर सारखाच होत असल्याने तो भागाकारात नाहीसा होईल, आणि उरेल तो मांसाचा अर्थ. या भागाकारास ‘सार्कोपेनिया इंडेक्स’ असे नाव मिळाले.

या कल्पनेची प्रशंसा केली पाहिजे. अनेकार्थी चिन्हाशेजारी दुसरे चिन्ह ठेवून त्याचा एक अर्थ वगळणे, हीच तर संदर्भाची क्रिया आहे. परंतु छेदातील चिन्ह स्वतः निर्दोष असेल तरच ती सफल होते. सिस्टॅटिन-सी दाहामुळे, स्थूलतेमुळे, धूम्रपानामुळे, स्टेरॉइड औषधांमुळे आणि थायरॉइड ग्रंथीच्या अतिक्रियेमुळे वाढते. त्यामुळे मांस तेवढेच असूनही भागाकार खाली येऊ शकतो.

आपल्या नैयायिकांनी या प्रकारच्या दोषाचे विवेचन फार पूर्वी केले आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण अग्नीवाचून धूर नसतो. परंतु ‘जेथे अग्नी तेथे धूर’ असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओल्या इंधनाची उपाधी लागते. रक्तातील प्रत्येक खुणेविषयी हाच प्रश्न विचारावयाचा असतो : हिची व्याप्ती निरुपाधिक आहे की सोपाधिक? ‘जेथे मांस थोडे, तेथे क्रिएटिनिन थोडे’ हे विधान मूत्रपिंड निरोगी असणे, नुकताच मांसाहार झालेला नसणे, यकृताचा मोठा विकार नसणे अशा उपाधींवर अवलंबून आहे. भागाकाराने यांतील एक उपाधी दूर केली. परंतु छेदाबरोबर दाह व मेद या नव्या उपाधी आत आल्या. भागाकार कमी असलेले रुग्ण अधिक दगावतात असे आढळले, तरी ते मांस थोडे असल्यामुळे की दाह अधिक असल्यामुळे, हे त्या आकड्यावरून सांगता येणार नाही.

शिवाय या भागाकाराचे नावच सदोष आहे. तो फार तर मांसाच्या प्रमाणाचा दर्शक आहे. २०१९ नंतरच्या युरोपीय व्याख्येनुसार सार्कोपेनियाचे प्रधान लक्षण बळाची उणीव हे होय. त्या अर्थाने हा ‘सार्कोपेनियाचा दर्शक’ नव्हे. दर्शक जुन्या अर्थाचा, नाव नव्या अर्थाचे, अशी ही विसंगती आहे.

७

अन्य खुणांचा परामर्श संक्षेपाने घेता येईल, कारण त्यांचे दोष याच जातीचे आहेत. मायोस्टॅटिन हे स्नायूंची वाढ रोखणारे प्रथिन मॅकफेरॉन, लॉलर व ली यांनी १९९७ साली जाहीर केले. त्याचा जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे स्नायू दुपटीच्या घरात वाढले. त्यावरून दुर्बल वृद्धांच्या रक्तात मायोस्टॅटिन अधिक असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात कोठे ते अधिक, कोठे कमी आढळले. यास एक कारण संभवते : हे प्रथिन मुख्यतः स्नायूच निर्माण करतात, स्नायू आटले म्हणजे त्यांचा रोधकही आटतो. कारण व परिणाम यांची येथे अदलाबदल होते. याखेरीज त्याचे जवळचे भावंड असलेले जीडीएफ-११ हे प्रथिन रचनेने इतके सारखे आहे, की काही चाचण्या या दोहोंत भेद करू शकत नसत.

इंटरल्यूकिन-६ हे दाहाचे द्योतक मानतात, आणि वृद्धांत त्याचे दीर्घकाळ चढलेले प्रमाण मांस व बळ या दोहोंच्या उणिवेशी निगडित आढळले आहे. परंतु तोच पदार्थ कष्टाचा व्यायाम करणारा स्नायूही रक्तात सोडतो, हे २००० सालच्या सुमारास कोपनहेगन येथील संशोधनाने दाखविले. म्हणजे एका संदर्भात ते ऱ्हासाचे चिन्ह आणि दुसऱ्या संदर्भात उद्योगाचे. रक्त केव्हा घेतले हे ठाऊक नसल्यास चिन्ह वाचता येत नाही. शिवाय दाह शेकडो कारणांनी होतो. नैयायिकांच्या भाषेत हा सव्यभिचार हेतू होय.

अ‍ॅग्रिनचा तुकडा ही खूण तत्त्वतः अधिक आशादायक वाटते. मज्जातंतू जेथे स्नायूस मिळतो त्या सांध्याची घडी राखणारे अ‍ॅग्रिन हे प्रथिन तुटले, की त्याचा एक तुकडा रक्तात येतो. बळाच्या मुळाशी जाणारी ही एक खूण म्हणता येईल, कारण ती मांसाच्या राशीविषयी न बोलता आज्ञा व आकुंचन यांच्या दुव्याविषयी बोलते. परंतु हा तुकडाही मूत्रपिंडच गाळतात, आणि त्यांच्या विकारात तो रक्तात साचतो. क्रिएटिनिनची जुनी अडचण येथेही पाठ सोडीत नाही.

एकेका खुणेच्या या मर्यादा पाहून अनेक खुणांचा एकत्र संच करण्याकडे अलीकडे कल आहे. संचाने अचूकता वाढते, हे खरे. परंतु संचातील आकड्यांना वजने कशी द्यावीत हे गणकयंत्र ज्या उदाहरणांवरून शिकते, त्या उदाहरणांवर ‘रोगी’ व ‘निरोगी’ असा शिक्का कोणत्यातरी व्याख्येनेच मारलेला असतो. साडेसत्तावीस किलो पकडीच्या त्या गृहस्थाला कोणत्या रांगेत बसविले, यावर संच काय शिकेल ते ठरते. संज्ञेतील संदिग्धता गणिताने नाहीशी होत नाही. ती अधिक खोल जाऊन बसते.

८

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाही. व्यवहारी वैद्य म्हणेल : आकड्याचा अर्थ काय, याच्याशी मला कर्तव्य नाही, त्यावरून रुग्ण पडेल की नाही, वाचेल की नाही हे समजले म्हणजे पुरे. या म्हणण्यात तथ्य आहे. २०१६ साली अमेरिकेतील दोन शासकीय संस्थांनी मिळून जैविक खुणांचे जे वर्गीकरण केले, त्यात सात प्रकार सांगितले आहेत. निदानाची खूण, भाकिताची खूण, उपचाराच्या मागोव्याची खूण हे त्यांतील काही. भाकितासाठी अर्थ न समजताही खूण चालू शकते. परंतु निदान करावयाचे असेल, किंवा उपचाराने गुण आला की नाही हे पाहावयाचे असेल, तर खुणेचा अर्थ कळलाच पाहिजे. भागाकार वाढला, पण तो दाह कमी झाल्यामुळे वाढला असेल, तर रुग्णाचे मांस वाढले असे सांगणे असत्य ठरेल. आणि बळ वाढले असे सांगणे तर दुप्पट असत्य ठरेल.

दुसरी गोष्ट अशी, की बळ हे असे तत्त्व नाही की ज्यास खुणेवाचून गाठताच येत नाही. दाबयंत्र हातात दिले की एका मिनिटात पकड कळते. तेही नसेल तर साधी खुर्ची पुरते : हात न टेकता पाच वेळा उठून बसण्यास २०१९ च्या युरोपीय मर्यादेनुसार १५ सेकंदांहून अधिक, अथवा त्याच वर्षीच्या आशियाई मर्यादेनुसार १२ सेकंद वा अधिक लागले, तर ती दुर्बलतेची सूचना होय. येथे वस्तू स्वतःच उत्तर देते. तिच्यासाठी प्रतिनिधी धाडण्याचे कारण नाही. रक्ताच्या खुणेचे खरे क्षेत्र जेथे वस्तूस प्रश्न विचारता येत नाही तेथे आहे : बेशुद्ध रुग्ण, अंथरुणास खिळलेला वृद्ध, संधिवाताने मूठ न वळणारा हात. काशानी यांचा भागाकार अतिदक्षता विभागात जन्मला हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तो तेथून उचलून, चालत्याबोलत्या वृद्धांच्या चाचणीत आणताना त्याचे प्रयोजन बदलते, याचे भान पुष्कळ लेखकांस राहिलेले नाही.

९

आपल्या देशाच्या दृष्टीने या चर्चेस विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली दाखविले, की पुणे परिसरात जन्मणारी अर्भके इंग्लंडमधील अर्भकांहून वजनाने बरीच कमी असतात. ही उणीव मांसात अधिक आणि त्वचेखालच्या मेदात तुलनेने कमी असते. प्रौढ भारतीयांतही सारख्या वजनाला मांस कमी व मेद अधिक असण्याची प्रवृत्ती आढळते. म्हणजे वजनावरून मांसाचा अंदाज बांधणारे परदेशी सूत्र येथे अधिक चुकण्याचा संभव आहे. आणि मेदाने वाढणारे सिस्टॅटिन-सी छेदात ठेवणारा भागाकारही येथे जपूनच वाचला पाहिजे.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली भारतातील वार्धक्याच्या दीर्घकालीन अभ्यासाची पहिली फेरी केली. तीत ४५ वर्षांवरील ७२,००० हून अधिक व्यक्तींचा समावेश होता. हाताची पकड मोजण्यात आली आणि रक्ताचे वाळविलेले थेंबही जमविण्यात आले. एकाच देशातील माणसांचा हात व रक्त यांची अशी शेजारशेजार नोंद असणे ही मोठी संधी आहे. तिचा उपयोग योग्य क्रमाने व्हावा : प्रथम बळ बळ म्हणून पाहावे, मांसाचा प्रश्न स्वतंत्र ठेवावा, आणि नंतरच यांपैकी कशाची खूण रक्तात सापडते ते शोधावे. परदेशात ठरलेल्या शिक्क्याने माणसे आधीच दोन रांगांत बसविली, तर तेथील संदिग्धता आपण वारशाने घेऊ.

या विषयावर मराठीत प्रबंध वा आरोग्यपुस्तिका लिहिणाऱ्या अभ्यासकांस आमची एवढीच विनंती आहे, की ‘स्नायूंची स्थिती रक्तावरून कळते’ असे वाक्य त्यांनी लिहू नये. क्रिएटिनिन व सिस्टॅटिन-सी यांचा भागाकार काढला असेल तर तसे लिहावे, आणि रुग्णास दाह, स्थूलता वा थायरॉइडचा विकार होता काय ते शेजारी नोंदवावे. पकड मोजली असेल तर किती किलो भरली आणि कोणत्या व्याख्येच्या मर्यादेशी ती ताडून पाहिली, ते लिहावे. आणि वृद्धाच्या अहवालात क्रिएटिनिन ‘प्रकृत’ दिसले, तर औषधाची मात्रा ठरविण्यापूर्वी त्याच्या हातापायांकडे एकदा पाहावे.